तोच हा देवदत्त

(अहेरी येथे एका माहितीपटाच्या प्रदर्शनानंतर दिलेले व्याख्यान. शब्दांकन करताना बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मंडळी, आत्ता आपण सगळ्यांनी मिळून ४२ मिनिटांचा माहितीपट पाहिला. ज्यानं तो केला तो तरुण मागच्या रांगेत भिंतीला टेकून उभा आहे. आता हे म्हातारे काय बोलतात, याची धाकधूक त्याच्या चेहऱ्यावर आम्हाला इथून दिसते. त्याचं नाव आम्ही घेणार नाही. तुम्हाला ते ठाऊकच आहे, आणि नाव घेतलं की टीका कामावरून घसरून माणसावर जाते. आम्हाला कामाबद्दल बोलायचं आहे.

आधी कबुली. आम्ही चित्रपटाचे शिक्षण घेतलेले नाही. उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला. कॅमेरा हातात धरला तो घरच्या बारशापुरता, आणि त्यातही अर्धं बारसं जमिनीचं चित्रण करण्यात गेलं, कारण बटण दाबलेलंच राहिलं होतं. पण हा माहितीपट आम्ही चार दिवसांत तीनदा पाहिला. या पोराच्या दुकानात बसून त्याच्या मूळ कॅसेटही पाहिल्या. तेव्हा आज जे बोलू ते ऐकीव नाही.

विषय तुम्ही पाहिलाच. वांगेपल्लीचा घाट. प्राणहितेवर पूल नव्हता तेव्हा नावेनं पलीकडे गुडेमला जाणं, बाजारहाट, सोयरीक, दवाखाना, सगळं त्या नावेवर अवलंबून. आता पूल आहे. नाव चालवणारा माणूस आता म्हातारा झाला आहे आणि काठावर बसून पुलावरच्या गाड्या मोजतो. जुनं चित्रण या पोराच्या वडिलांचं, २००३ ते २००५ या काळातलं. ते लग्नाची शूटिंग करायचे आणि रिकाम्या वेळात नदीवर जायचे. नवं चित्रण पोराचं. वडिलांचा कॅमेरा मिनीडीव्ही कॅसेटचा, साध्या दर्जाचा, म्हणजे ज्याला स्टँडर्ड डेफिनिशन म्हणतात तो. पोराचा हाय डेफिनिशन, मेमरी कार्डावर चालणारा. दोन कॅमेरे, एक नदी.

आणि या पोरानं काय केलं? दोन्हींतला फरक दिसू नये म्हणून जिवाचं रान केलं. जुनं चित्र मोठं करून नव्याच्या चौकटीत भरलं. त्याला धार लावली, दाणे पुसले, रंग नव्याशी जुळवले. तीन महिने रात्री जागून. आमची तक्रार नेमकी इथे आहे. त्याच्या मेहनतीत खोट नाही, मेहनतीच्या दिशेत आहे.

थोडं यंत्राचं बोलून घेऊ. कंटाळा आला तर सांगा, पण हे टाळून पुढे जाता येत नाही.

आपल्याकडच्या जुन्या व्हिडिओचं चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं. गुणाकार करा, ४,१४,७२०. हाय डेफिनिशनचं पूर्ण चित्र १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६००. भागून पाहा, बरोबर पाचपट येतं, एक ठिपका इकडे नाही की तिकडे नाही. म्हणजे जुनं चित्र ताणून नव्या चौकटीएवढं केलं की पडद्यावरच्या दर पाच ठिपक्यांपैकी एकाची साक्ष कॅमेऱ्यानं दिलेली असते. उरलेले चार संगणकानं शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाहून अंदाजानं भरलेले असतात. हे खोटं आहे असं आम्ही म्हणत नाही. पण ते पाहिलेलं नाही, अनुमान केलेलं आहे. प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोन प्रमाणं वेगळी, हे आम्ही वर्गात वर्षानुवर्षं घोकून घेतलं. या पोराच्या दुकानात बसल्यावर ते पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं.

त्यात आणखी एक गोष्ट. जुनं चित्र चारास तीन या प्रमाणाचं, थोडं चौकोनी. नवं सोळास नऊ, आडवं. चौकोनी चित्र आडव्या चौकटीत बसवायचे मार्ग तीन. एक, मध्ये ठेवायचं आणि दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडायच्या. १९२० च्या रुंदीत चित्र १४४० घेतं, उरलेल्या ४८० चे दोन वाटे. दोन, रुंदी ओढून ताणायची. हा मार्ग लग्नाच्या कॅसेटी सीडीवर करून देणाऱ्या दुकानांत फार चालायचा. आमच्या मुलीच्या लग्नाची कॅसेट एका दुकानातून अशीच ताणून आली. सगळं वऱ्हाड एक तृतीयांशानं रुंद झालेलं. आमच्या सौभाग्यवती ते पाहून गप्प बसल्या आणि रात्री जेवताना विचारलं, "अहो, मी तेव्हा एवढी होते?" आम्ही गणित समजावून सांगितलं. विश्वास बसला नाही. तिसरा मार्ग, चित्र फुगवून कडेपर्यंत न्यायचं आणि वरखाली बाहेर पडेल ते कापून टाकायचं. आपल्या पोरानं हा तिसरा मार्ग धरला.

कापल्यावर काय उरतं? ५७६ ओळींपैकी ४३२. चौथा हिस्सा गेला. आणि उरलेल्याला मोठं करायचं, म्हणजे आता पाचात एक नव्हे, जवळजवळ सातात एक ठिपका खरा.

बरं, ते ठिपक्यांचं सोडा. कापलेल्या चौथ्या हिश्शात काय होतं ते आम्ही मूळ कॅसेटवर पाहिलं. नाव काठाला लागते तो प्रसंग आठवा. पडद्यावर आपल्याला बायकांचे चेहरे दिसतात, डोक्यावरची गाठोडी अर्धी दिसतात. मूळ चित्रात खाली पाणी आहे, पाण्यात उतरलेले पाय आहेत, लुगडं गुडघ्यापर्यंत वर धरलेले हात आहेत. एका बाईच्या कडेवरचं मूल पाय आखडून घेतं, पाणी गार असावं. म्हणजे नावेतून उतरणं म्हणजे काय, ते सगळं त्या खालच्या पट्टीत आहे. वडिलांनी कॅमेरा मुद्दाम खाली झुकवला होता. हातात साधा कॅमेरा, शिक्षण लग्नाच्या शूटिंगचं, पण त्या माणसाला कळलं होतं की नदी ओलांडण्याची गोष्ट चेहऱ्यात नाही, पायांत आहे. पोरानं वडिलांचं चित्र सुंदर केलं आणि वडिलांची नजर कापून टाकली. बोलणं कडक वाटेल. पण आम्ही शब्द मागे घेणार नाही.

अजून दोन दोष सांगतो आणि मग यंत्र बाजूला ठेवतो. बाजाराच्या प्रसंगात माणसं चालताना थरथरतात, दोन पावलं पुढे आणि एक मागे गेल्यासारखी. पुष्कळांना वाटलं असेल कॅसेट जुनी झाली. कॅसेट धडधाकट आहे. जुन्या व्हिडिओत सेकंदाला २५ चित्रं, पण प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत विणलेलं असतं, एकात सम ओळी, एकात विषम. म्हणजे सेकंदाला ५० अर्धचित्रं. त्यातलं आधीचं कुठलं आणि नंतरचं कुठलं, याचा क्रम मिनीडीव्हीत एक असतो आणि हाय डेफिनिशनमध्ये नेमका उलटा. सॉफ्टवेअरला हे सांगितलं नाही तर ते नंतरचं आधी दाखवतं. काळ उलटा विणला जातो. दुरुस्ती पाच मिनिटांची आहे. क्लिपचा क्रम नीट सांगायचा आणि मगच ओळी सोडवून पूर्ण चित्र करायचं. हे तो आज रात्रीच करू शकतो.

दुसरा दोष रंगाचा. जुन्या आणि नव्या व्हिडिओत उजेड आणि रंग वेगळे काढण्याची कोष्टकं वेगवेगळी आहेत. जुन्यात उजेडाच्या हिशेबात हिरव्याचा वाटा ५९ टक्क्यांच्या आसपास धरलेला, नव्यात ७२ च्या आसपास. जुनं चित्र नव्याच्या कोष्टकानं वाचलं की लाल रंग किंचित नारिंगीकडे झुकतो आणि हिरवा दबतो. राजवाड्याच्या दसऱ्याचा जो तुकडा आहे त्यात हेच झालं आहे. गुलाल शेंदरी झाला. आणि पलीकडच्या काठावरचं जंगल काळपट. आता पुण्या-मुंबईच्या प्रेक्षकाला ते चालेल, त्याला वाटेल जुनं चित्र असंच असतं. इथे बसलेल्या माणसाला पावसाळ्यानंतरच्या सागाचा हिरवा माहीत आहे. तो हिरवा त्या कॅसेटमध्ये आहे. आम्ही पाहिला. सिनेमात नाही.

(श्रोत्यांतून एक प्रश्न : "सर, पण दोन्ही सारखे काहून नाही करायचे जी? पाहनाऱ्याले त्रास होते ना, एक साफ अन् एक धूसर.")

प्रश्न रास्त आहे, आणि आमचं सगळं व्याख्यान याच प्रश्नावर आहे. त्रास होतो हे खरं. डोळा एका दर्जाला सरावला की दुसऱ्यावर ठेचकाळतो. म्हणूनच बहुतेक संपादक दोनांपैकी एक करतात. धूसर असेल त्याला धार लावतात, नाहीतर साफ असेल त्याला मऊ करतात. दुसरी युक्ती जास्त प्रामाणिक, कारण तिच्यात नसलेलं काही आणावं लागत नाही, असलेलं सोडावं लागतं. एकाच दिवशी एकाच लग्नात दोन कॅमेरे असतील, एक जुना एक नवा, तर जरूर सारखे करा. तिथे फरकाला अर्थ नाही. वरमाला एकच, क्षण एकच, केवळ कॅमेरे दोन. पण इथे दोन कॅमेऱ्यांच्या मध्ये बरीच वर्षं आहेत. तो फरक यंत्राचा राहिला नाही, काळाचा झाला.

आमच्या शास्त्रात याला एक जुनं उदाहरण आहे. देवदत्त नावाचा माणूस. समजा तुम्ही त्याला तेव्हा पैठणात पाहिला आणि आज अहेरीत पाहता. तुम्ही म्हणता, तोच हा देवदत्त. या साध्या वाक्यावर शतकानुशतकं भांडण झालं आहे. 'तो' म्हणजे तेव्हाचा, तिथला. 'हा' म्हणजे आताचा, इथला. तेव्हाचा आणि आताचा एक कसा?

नैयायिक म्हणतात, हे एकच ज्ञान आहे, प्रत्यभिज्ञा. डोळ्यांसमोर माणूस आहे आणि मनात जुना संस्कार आहे. दोन्ही मिळून ओळख पटते, त्यांतलं काही टाकावं लागत नाही. बौद्ध म्हणतात, तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींना कल्पनेनं एक धाग्यात ओवता आहात. आठवण वेगळी, दर्शन वेगळं. जोड तुमच्या मनाची. आणि वेदान्ती म्हणतात, 'तेव्हाचा' हा भाग सोडा, 'आताचा' हाही सोडा, विरोध मिटला, उरला शुद्ध देवदत्त. याला ते भागत्याग म्हणतात.

या पोरानं नकळत वेदान्त्याचा मार्ग धरला. तेव्हाचेपण पुसलं, आताचेपण थोडं मऊ केलं, आणि मध्ये एक शुद्ध नावाडी उरेल असं त्याला वाटलं. पण सिनेमात भागत्याग जमत नाही, मंडळी. ब्रह्माला जमेल. चित्राला 'तेव्हा' आणि 'तिथे' यांच्यापलीकडे काही शिल्लकच नसतं. ते काढलं की देवदत्तही जातो.

हे आम्ही हवेत बोलत नाही. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' घ्या. तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. २०११ साली पूर्ण झाला, करायला चौदा वर्षं लागली. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलीस गोळीबारात दहा जण गेले, आणि काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली, तिथून तो सुरू होतो. आता हिशेब करा. १९९७ साली सामान्य माणसाच्या हातात येईल असा हाय डेफिनिशन कॅमेरा बाजारातच नव्हता. मिनीडीव्ही येऊन दोन वर्षं झाली होती. कॅसेटवरचं हाय डेफिनिशन, ज्याला एचडीव्ही म्हणत, ते २००३ चं. कार्डावरचं त्यानंतर तीन वर्षांनी. म्हणजे तो चित्रपट तयार होत असताना कॅमेऱ्यांची एक अख्खी पिढी त्याच्या खालून सरकून गेली. आणि त्यात घोगरे स्वतः गातात ते चित्रण त्याहून जुनं, पटवर्धनांच्याच १९८५ च्या 'हमारा शहर'मधलं, फिल्मवरचं.

तिथे हे सगळं एका जातीचं करून टाकलं असतं तर? घोगरे, भाई संगारे आणि शेवटाकडे येणारी कबीर कला मंचाची शीतल साठे, सगळे जणू एकाच आठवड्यात भेटलेले वाटले असते. प्रत्यक्षात काय आहे? घोगरे चित्रपट सुरू होण्याआधीच गेले. संगारे १९९९ मध्ये मनुस्मृतीदहनाच्या कार्यक्रमात भाजून गेले. त्यांचं जे चित्रण आहे ते आहे तेवढंच, आता कुठल्याही चांगल्या कॅमेऱ्यानं ते पुन्हा घेता येणार नाही. चित्राचा पोत बदलतो तेव्हा प्रेक्षकाला न सांगता कळतं की न्याय मिळायला किती वेळ लागतो आहे. चौदा वर्षं हा आकडा पडद्यावर लिहिता येतो, पण वाचलेला आकडा आणि डोळ्याला लागलेला काळ यांत फरक आहे. आमच्या मते ती प्रत्यभिज्ञा आहे, नैयायिकांची. तेच दुःख हे, पण 'तेव्हाचं' आणि 'आताचं' दोन्ही शाबूत ठेवून.

उलट बाजूनंही एक पाहा. मालेगाव. फैझा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव', २००८ चा. यंत्रमागाच्या त्या गावात नासिर शेख हे गृहस्थ घरगुती कॅमेऱ्यावर सुपरमॅनची विडंबनपट काढतात, त्याची ही गोष्ट. यात दोन कॅमेरे आहेत. एक नासिर यांचा, ज्यानं सिनेमा चालला आहे. दुसरा फैझा यांचा, जो ते पाहतो आहे. इथे काळाचं अंतर नाही, दोन्ही एकाच वेळचे. तरीही ते एक करून टाकणं चूक ठरलं असतं, कारण सगळी गंमत आणि सगळी करुणा त्या दोन दर्जांच्या फरकात आहे. हिरव्या कापडापुढे आडवा झालेला किडकिडीत सुपरमॅन आपण एका नजरेतून पाहतो, आणि तो उडताना दिसतो ते दुसऱ्या नजरेतून. नासिर यांचा कॅमेरा एकदा पाण्यात पडतो. आपल्याला धस्स होतं. का? कारण तोवर आपल्याला कळलेलं असतं की हा कॅमेरा वेगळा आहे, एकुलता आहे. दोन्ही चित्रं सारखी असती तर कॅमेऱ्याचं एकुलतेपण जाणवलं असतं का?

जाता जाता गांधींचं सांगतो. मूकपटाच्या काळात कॅमेरा हातानं फिरवत, सेकंदाला सोळा-अठरा चित्रं. ते पुढे चोविसाच्या वेगानं दाखवलं की माणसं तुरुतुरु धावतात. दोन पिढ्यांनी गांधी माहितीपटांतून असेच पाहिले. ते झपाझप चालत हे खरं, पण आमच्या मनातला गांधी जो जवळजवळ पळतो, त्यात किती गांधी आणि किती यंत्र? जुनं आणि नवं जोडताना निष्काळजीपणा झाला की तो इतिहासात जाऊन बसतो.

आता या माहितीपटातल्या एका जागेकडे येतो, जी आम्हाला सगळ्यांत जास्त आवडली. आमच्या मते तिथे हा पोरगा वडिलांच्या तोडीचा झाला आहे, आणि गंमत म्हणजे ती जागा त्याला दोष वाटते. शेवटाकडे नावाडी नाव वळवतो तिथे चित्र फुटतं. चौकोन चौकोन होतात, क्षणभर अडकतं. ती कॅसेटची झीज आहे. मिनीडीव्हीत प्रत्येक चित्र स्वतंत्र साठवलेलं असतं, म्हणून चट्टा पडला तरी एखाद्या चित्राचा तुकडा जातो आणि पुढचं चित्र पुन्हा धड येतं. नंतरच्या एचडीव्हीत त्याच कॅसेटवर, त्याच वेगानं, कितीतरी मोठं चित्र कोंबलेलं, त्यामुळे बारा बारा चित्रं एकमेकांच्या आधारानं उभी. तिथे एक चट्टा पडला की अर्धा सेकंद बुडतो. म्हणजे जुनं तंत्र गरीब, पण स्वतःच्या पायावर उभं. तर तिथे चित्र फुटतं आणि त्याच वेळी कॅमेऱ्यामागून वडिलांचा आवाज येतो. नावाड्याला म्हणतात, "थांब गा, थांब. उजेड येऊ दे." बस. ४२ मिनिटांत वडिलांचं अस्तित्व एवढंच. ते वारले आहेत हे माहितीपटात कुठे सांगितलेलं नाही. सांगायला नको असेल, मुलाचा तो हक्क. पण त्या फुटक्या चित्रातून आलेल्या आवाजानं ते सांगितलं.

हा म्हणतो, "सर, तो पॅच काढायचा राहिला, मूळ कॅसेट पुन्हा चालतच नाही." आम्ही म्हणालो, बाबा रे, देवाचे आभार मान.

आवाजाचं आणखी एक. आपण चित्राच्या दर्जाबद्दल बोलतो आहोत, पण जुन्या मिनीडीव्हीवर आवाज न दाबता, जसाच्या तसा साठवलेला असतो. याच्या नव्या कॅमेऱ्यात तो दाबून लहान केलेला आहे. म्हणजे चित्रात मुलगा पाचपट पुढे आणि आवाजात बाप पुढे. वल्ह्याचा, पाण्याचा, पलीकडून येणाऱ्या तेलुगू हाकांचा आवाज जुन्या भागात किती मोकळा आहे ते डोळे मिटून ऐका. याचा उपयोग त्यानं केलेला नाही. जुन्या भागावर सगळीकडे बासरी टाकली आहे. बासरी काढावी, अशी आमची हात जोडून विनंती.

आता थोडं आपल्या भागाचं. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून वेगळा झाला. इथल्या आयुष्याची चित्रणं बाहेरच्यांनी पुष्कळ केली, इथल्यांनी फार थोडी. घरगुती कॅसेट हा आपला खरा दप्तरखाना आहे आणि तो लोखंडी कपाटात बुरशी धरतो आहे. यात भावनेपलीकडचंही काही आहे. एका प्रसंगात नदीकाठच्या पाड्याजवळचं शेत दिसतं. पडद्यावर फक्त झाडांचे शेंडे आणि माणूस. मूळ चित्रात खाली बांध आहे, झोपडी आहे, विहीर आहे. कापलेल्या पट्टीत. वनहक्क कायद्यात ताब्याची तारीख कोणती? १३ डिसेंबर २००५. आणि ते चित्रण २००४ चं. दाव्याच्या पुराव्यांत झोपडी, बांध, विहीर यांसारख्या खुणा मोजल्या जातात, हे इथल्या ग्रामसभांना आम्ही सांगायला नको. अशी कॅसेट दाव्यात कितपत चालेल ते ग्रामसभा आणि समित्या ठरवतील, कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचंही लावलेलं असू शकतं. पण मिनीडीव्हीत तारीख चित्रावर छापलेली नसते, पट्टीवर वेगळ्या कप्प्यात चित्राबरोबर लिहिलेली असते. मूळ रूपात संगणकावर उतरवलं तर ती सोबत येते. एकदा का मोठं केलं, धार लावली, दुसऱ्या प्रकारात बदललं, की तारीख गळून पडते. सुंदर चित्र हातात राहतं आणि त्याला वार नाही, साल नाही.

आणि आताची नवी सॉफ्टवेअरं तर चेहराच नवा घडवून देतात. धूसर चेहऱ्यावर पापण्या काढतात, सुरकुत्या काढतात. त्या सुरकुत्या कोणाच्या? नावाड्याच्या नव्हेत. कुठल्या कुठल्या हजारो चेहऱ्यांवरून शिकलेल्या सरासरी सुरकुत्या. इथे बौद्धांचं म्हणणं आम्हाला पूर्ण पटतं, ही निव्वळ कल्पना आहे. करमणुकीला हरकत नाही. पण एखादी आजी पडद्याकडे बोट करून म्हणाली, "हा आमचा बुवा," तर ती कोणाला ओळखते आहे?

मग करावं काय, असं हा पोरगा विचारेल. विचारलंच आहे त्यानं, दुकानात. आम्ही दिलेलं उत्तर असं. वडिलांच्या कॅसेटी आधी मूळ रूपात उतरवून ठेव. तासाला साधारण १३ जीबी लागतात, आजच्या हिशेबात काहीच नाही. कॅसेटचा कॅमेरा चालतो आहे तोवर कर, कारण तो बिघडला तर नवा मिळत नाही, आणि त्याची फायरवायरची केबल लावायला नव्या संगणकाला भोकच नसतं. मग संपादन करताना जुनं चित्र त्याच्या मापात ठेव, मधोमध, दोन्ही बाजूंना काळं सोडून. ओळी नीट सोडव, रंगाचं कोष्टक नीट लाव, म्हणजे चुका काढ. पण चूक आणि वय यांत फरक कर. थरथर ही चूक आहे, ती तुझी आहे, काढून टाक. दाणे हे वय आहे, ते वडिलांच्या कॅमेऱ्याचं आहे, राहू दे.

त्यावर तो जे म्हणाला ते आम्हाला लागलं, म्हणून सांगतो. म्हणाला, "सर, बाजूला काळ्या पट्ट्या ठेवल्या तर बाबांचं चित्र माझ्याहून लहान दिसते. लोक म्हणतील, पोराचं मोठं, बापाचं लहान." आम्हाला तिथल्या तिथे उत्तर सुचलं नाही. घरी येऊन दोन दिवस विचार केला. त्याची भीती खोटी नाही. आपल्या समाजात लहान चौकट म्हणजे कमी मान, हे आहेच. लग्नाच्या अल्बमातही कोणाचा फोटो केवढा यावरून रुसवेफुगवे होतात. त्यानं वडिलांना मोठं केलं ते प्रेमानं केलं. आम्ही ज्याला नजर कापणं म्हणालो, तो त्याच्या लेखी मानपान होता.

तरीही आमचं मत बदललेलं नाही. फक्त आता ते तेवढ्या तोऱ्यात सांगता येत नाही. कदाचित उलट करता येईल. स्वतःचं नवं चित्रच काही ठिकाणी चौकोनात आणावं, वडिलांच्या मापात. पुलाचा प्रसंग त्या मापात घेतला तर पूल बाजूंनी कापला जाईल, पण खाली नदी जास्त दिसेल. निदान पुढच्या वेळी कॅमेरा लावताना तसं पाहून बघावं. हे आम्हाला परवा रात्री सुचलं, त्याला अजून सांगितलेलं नव्हतं, आत्ताच कळतं आहे.

वेळ बराच झाला, शेवटची बस पकडायची असेल त्यांनी निघावं, आमचा राग नाही. बाकीच्यांसाठी एक करू. याच्या लॅपटॉपवर ते नाव काठाला लागण्याचं मूळ चित्रण आहे, न कापलेलं, चार मिनिटांचं. आम्ही त्याला ते घेऊन यायला सांगितलं होतं. ये रे, पुढे ये. बासरी नको. मागचे दिवे मालवा कोणीतरी, आणि खालच्या बाजूला पाहा, पायांकडे.